डागाखालचे गाव

खानदेश मी उभ्या आयुष्यात शेकडो वेळा काढला. पाहिला मात्र एकदाही नव्हता. पुण्याच्या एका सरकारी कचेरीत मी नकाशानवीस होतो. जुना नकाशा जीर्ण झाला की त्यावर अर्धपारदर्शक कापड पसरायचे आणि खालची रेघन् रेघ वर उतरवून घ्यायची, हे माझे काम. नोकरीला लागलो तेव्हा खानदेशाचा गठ्ठा माझ्या टेबलावर आला आणि पेन्शनीत निघेपर्यंत तिथेच राहिला. खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तेव्हा कचेरीतल्या प्रतीवर मधली तुटक रेघसुद्धा माझ्याच हाताने पडली. पेन्शन घेतल्यावर मी घरात माजघरातून ओटीवर आणि ओटीवरून माजघरात येरझारा घालू लागलो. महिनाभर ते पाहून पत्नी म्हणाली, "सगळा खानदेश बोटांनी फिरलात. आता एकदा पायांनी फिरून या. माझ्या पायांत घोटाळू नका."

निघायला आणखी एक कारण होते, आणि ते पत्र्याच्या नळीत गुंडाळून मी बरोबर घेतले होते. पेशवाई बुडाल्यावर थोड्याच वर्षांत कंपनी सरकारच्या एका गोऱ्या मोजणीदाराने पांझरा नदीचे खोरे फिरून त्याचा नकाशा केला होता. नदीवर ओळीने बंधारे, बंधाऱ्यांतून निघालेले पाट, पाटाच्या पाण्यावर भिजणाऱ्या जमिनीला हिरवा रंग, कोरड्या जमिनीला पिवळा. इतका नाजूक हात मी दुसरा पाहिला नाही. त्याची नक्कल मी तरुणपणी करत होतो. ती संपत आली असताना आमचे मुख्य नकाशानवीस माझ्या पाठीशी येऊन उभे राहिले. त्यांना तपकिरीचे व्यसन होते. त्यांनी अशी काही शिंक दिली की दौत कलंडली आणि शाई बरोबर बोरगव्हाण नावाच्या गावावर सांडली. नक्कल रद्द झाली, तपकीर चालू राहिली. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी हारतुऱ्यांबरोबर तीच रद्द नक्कल मला थट्टेने भेट दिली. ती घरी भिंतीवर लावली आणि रोज तो डाग पाहताना मनात येऊ लागले की याच्या खाली माणसे राहतात, ती कशी असतील?

संक्रांत झाली आणि मी निघालो. कल्याणला गाडी बदलून मनमाड, चाळीसगाव मागे टाकत जळगावला उतरलो, तेव्हा सकाळची थंडी अजून अंगाला झोंबत होती. स्टेशनाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. गाड्यांतून उडालेला कापूस रस्त्याकडेच्या बाभळींना लटकून राहिला होता. मी खानदेशाला नेहमी फिकट बदामी रंग देत आलो. जमीन पाहिली तर काळीभोर. पहिल्याच तासात माझी एक समजूत निकालात निघाली.

दुपारी एका खानावळीत भरीत आणि कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली) मिळाली. भरताची वांगी इथे हिरवी, चांगली हातभर लांब. ती पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांच्या, जाळावर भाजतात. धुराचा तो वास भरतात शेवटपर्यंत राहतो. मी तिसऱ्यांदा वाढून घेतले आणि खानावळवाल्या बाईंनी मी कोण, कुठला, अशी चौकशी सुरू केली. मी नकाशे काढत होतो हे कळताच त्यांचा हात वाढता वाढता थांबला. त्यांचे माहेर सावद्याकडचे. त्यांच्या पणज्याच्या वेळी त्या भागात सरकारचे मोजणीदार आले तेव्हा गावेच्या गावे उठली होती, असे त्यांनी सांगितले. जमीन मोजली की सारा वाढणार, ही लोकांची भीती. शेवटी सरकारला पलटण आणावी लागली. "तुमचे नकाशे दिसायला छान असतील," त्या म्हणाल्या, "पण आमच्याकडे मोजणीची साखळी दिसली की म्हातारी माणसं अजून दार लावून घेतात." मग मात्र त्यांनी भरतावर तेलाची धार धरली, तेव्हा पणज्याचा राग माझ्यावर काढायचा त्यांचा विचार नसावा असे मी धरून चाललो.

टांगा करून तापी पाहायला गेलो. तापीला मी नेहमी निळी शाई वापरली. प्रत्यक्षात उंच मातीच्या दरडींमध्ये खाली, खोल, मेंदीच्या पाण्याच्या रंगाची नदी शांत वाहत होती. पलीकडे सातपुडा दिसला. जुन्या नकाशांत डोंगर दाखवायला बारीक केसाळ रेघा काढत. आमच्या कचेरीत त्यांना आम्ही सुरवंट म्हणत असू. सातपुड्याचे सुरवंट काढून काढून माझी पाठ वाकली. पण तो एवढा लांब आणि एवढा निळा असेल याची मला कल्पना नव्हती. मी दरडीवर बसलो आणि मला चक्क रडू आले. टांगेवाल्याला वाटले, कोणाच्या अस्थी आणल्या असाव्यात. तो आदराने दूर जाऊन उभा राहिला.

त्या दरडीवर मला तो मोजणीदारही आठवला. त्याचे नाव आमच्या नकाशावर फाटलेल्या कोपऱ्यात गेले आहे. तेव्हा हा मुलुख ओस पडलेला, हिवतापाने आणि वाघांनी भरलेला होता. तंबू, घोडा आणि अंतर मोजायचे एक लाकडी चाक घेऊन तो हिंडला. पुढे भिल्ल वाटाडे, मागे चाक ढकलणारा माणूस, आणि दर टेकडीपाशी एकच प्रश्न: हिचे नाव काय? सरकारला सारा हवा होता, रस्ते हवे होते, बंडखोर कुठे दडतात ते हवे होते. नकाशा काही कोणाच्या कल्याणासाठी होत नव्हता. तरी त्या माणसाने प्रत्येक ओढ्याचे वळण मन लावून काढले आहे. त्या हाताविषयीची माझी माया काही कमी होत नाही.

दुसऱ्या दिवशी तापीखोऱ्याच्या गाडीने दोंडाईच्याकडे निघालो. अमळनेर सुटले तसा मी खिडकीला चिकटून बसलो, कारण पुढे कुठेतरी पूर्व खानदेश संपून पश्चिम खानदेश लागणार होता. समोर चंपालाल शेठ नावाचे दोंडाईच्याचे मिरचीचे व्यापारी बसले होते. त्यांचे आजोबा मारवाडातून उंटावरून आलेले, हे त्यांनी ओळख होताच सांगितले. मी इतका काय शोधतो आहे म्हणून त्यांनी विचारले. मी माझी रेघ शोधतो आहे, असे मी सांगितले. शेठजी पोट धरून हसले. "रेघ गाडीतून नाही दिसायची, मास्तर. कोर्टात काम निघालं की दिसते. निम्मी माणसं जळगावच्या गाडीत बसतात, निम्मी धुळ्याच्या मोटारीत." त्यांनी मला एक रात्र आग्रहाने घरी ठेवून घेतले. त्यांचे घर आणि गोदाम भिंतीला भिंत लावून होते. पाहुणा आणि घरची माणसे आळीपाळीने शिंकत होती. मला आमच्या मुख्य नकाशानवीसांची फार आठवण झाली.

दोंडाईच्याहून धुळे सर्व्हिस मोटारीने, आणि धुळ्याहून पांझरेच्या काठाकाठाने दमणीतून (टप असलेली हलकी बैलगाडी). नकाशावर हे अंतर माझ्या तर्जनीएवढे. त्या तर्जनीला अख्खी दुपार लागली, शिवाय एका ओहोळात दमणीचा कणा कुरकुरला म्हणून मला उतरून चालावे लागले. बोरगव्हाणला पोचलो तेव्हा उन्हे उतरत होती. निंबाच्या झाडाखाली माणसे जमली होती आणि सगळ्यांचे चेहरे उतरलेले होते. माझ्या हातातली पत्र्याची नळी पाहताच बोलणे बंद झाले.

पुढे आले ते उखा आबा. गावच्या पाटावरचे ते पाटकरी, म्हणजे पाणी कोणत्या शेताला केव्हा सोडायचे ते पाहणारे. पांढऱ्या मिशा, गुडघ्यापर्यंत चिखल. त्यांनी विचारले, "तुम्हीन साहेबना माणूस शेत का?" मी साहेबाचा कोणी नाही, पुण्याचा पेन्शनर आहे, गाव पाहायला आलो आहे, असे सांगितले. यावर कोणाचा विश्वास बसला नाही. बोरगव्हाण पाहायला आजवर कोणी आले नव्हते.

हळूहळू कळले ते असे. पांझरेवर गावाचा जुना बंधारा आहे. त्याच्या पाटाखाली सगळी जमीन चार मोठ्या तुकड्यांत वाटलेली. एकेका तुकड्याला फड म्हणतात. बंधारा खचला होता आणि तो दुरुस्त करून द्यायला सरकार तयार झाले होते. पण आधी कोणत्या जमिनीला पाण्याचा हक्क आहे आणि कोणत्या नाही, ते ठरवायचे होते. हे ठरवणाऱ्या धुळ्याच्या साहेबांकडे गावाचा जुना नकाशा होता. त्यात पहिले तीन फड हिरवे होते आणि चौथा, शेवटचा, पिवळा. म्हणजे तो कोरडवाहू, त्याला पाणी नाही. एक दिवस सोडून साहेब चावडीवर येऊन शेवटचा निकाल सांगणार होते.

हे सगळे मला सांगितले गंगूअक्कांनी. दीराशी वाटणी झाली तेव्हा त्यांची सारी जमीन शेवटच्या फडात आली होती. नवरा मागेच वारलेला. शेती त्या स्वतः पाहत. मला उतरायला जागाही त्यांनीच दिली. रात्री जेवताना त्यांनी अंगणातल्या एका ओल्या ढिगाकडे बोट केले. वर पाचट घालून, पाणी शिंपडून उसाच्या कांड्या झाकून ठेवल्या होत्या.

"औंदा ऊसनी पाळी आमना फडनी शे," त्या म्हणाल्या. "बेणं कापीसन ठेयेल शे. साहेब नही म्हने तं हाई बठ्ठं वाळी जाई."

सगळे बेणे वाळून जाईल हे सांगताना त्यांचा आवाज कापत नव्हता, पण ताटात भाकरी मोडायची त्या विसरल्या होत्या. मला वाटले, आपल्याजवळ आहे की तो नकाशा, मूळ नकाशाची नक्कल. धुळ्याच्या प्रतीत कोणी रंग चुकवला असेल, मुळात शेवटचा फड हिरवा असेल. मी ते उत्साहाने बोलूनही बसलो.

सकाळ झाली ती अख्खे गाव अंगणात घेऊन. उखा आबांनी घोंगडी अंथरली. मी नळी उघडली, नक्कल पसरली, कोपऱ्यांवर दगड ठेवले. सगळी डोकी वाकली. नदी दिसत होती, वरचे निंबगव्हाण दिसत होते, धुळे दिसत होते. आणि बोरगव्हाणच्या जागी, चारही फडांवर, तपकिरीच्या शिंकेचा तो भला मोठा काळा डाग. इतकी वर्षे पाहिलेला डाग ऐन वेळी माझ्या डोक्यातून साफ गेला होता.

आबांनी डागावर बोट ठेवले. "हाऊ डागच आमनं गाव शे का?"

कोणीतरी फिसकन हसले, मग सगळेच हसले. अक्का नाही हसल्या. मला तिथून उठून थेट दमणीत बसावेसे वाटले. दात कोरून पोट भरत नाही, तशी माझी ती मदत.

आबांनाच माझी दया आली असावी. चला, निदान गाव तरी पाहा, म्हणून ते मला पाटाने घेऊन निघाले. बंधारा दगडचुन्याचा, एका टोकाला खचलेला. पाट इतका सरळ उताराने नेलेला की पाणी कुठे धावत नाही आणि कुठे थबकत नाही. हे कोणी केले, कधी केले, विचारले तर पणज्याच्या पणज्याने, एवढेच उत्तर. एका वळणावर पाय सरकला आणि मी जोड्यांसकट पाटात बसलो. आबांनी मला वर ओढले आणि पाणी चांगले थंड आहे ना, असे विचारले.

चालता चालता मी नकाशानवीसाच्या सवयीने विचारत होतो. उसाचा फड कोणता? आबा म्हणाले, यंदा शेवटचा. गेल्या साली दुसरा होता. गव्हाचा? यंदा पहिला. मग हा तिसरा मोकळा का? तो यंदा विसाव्याला. मी थांबलो. नेमके कोणते पीक कुठे, ते एकदा पक्के सांगा, असे मी जरा चिडूनच म्हणालो. आबांनी माझ्याकडे समजूतदारपणे पाहिले.

"पक्कं कसं सांगू, भाऊ? फड फिरस. आज तठे ऊस, पुढला साल तठे गहू. एक फड दरसाल विसावा लेस. पाणी मातर बठ्ठास्ले."

बठ्ठास्ले म्हणजे पाळीपाळीने सगळ्यांनाच. दर आखाजीला (अक्षय तृतीयेला) गाव एकत्र बसते आणि येत्या वर्षी कोणत्या फडात काय, ते ठरवते. एका फडात सगळ्यांनी एकच पीक लावायचे. ज्या फडाची विसाव्याची पाळी, तिथे त्या वर्षी पाटाचे पाणी सोडायचे नाही. हा शिरस्ता मोडला असे कधी झाले नाही.

मी ओल्या धोतराने पाटाच्या काठावर बसलो. माझा तो नाजूक हाताचा मोजणीदार एका हिवाळ्यात इथून गेला होता. जे हिरवे दिसले ते त्याने हिरवे केले, जे कोरडे दिसले ते पिवळे. त्याने काहीच खोटे केले नाही. त्या वर्षी विसावा घेणारा फड त्याने कायमचा कोरडा करून ठेवला, आणि मग आम्ही सगळे पिढ्यान्पिढ्या त्याची नक्कल करत राहिलो. पण हे साहेबाला पटवायचे कसे? माझा डाग तर गावाच्या उरावर बसलेला.

अंगणात परत आलो. नक्कल तशीच पसरलेली होती आणि डागाकडे पाहवेना म्हणून मी नदीच्या वरच्या अंगाला पाहत होतो. वर निंबगव्हाण होते. तेही बंधाऱ्याचे गाव, तेही चार फडांचे. तीन हिरवे, एक पिवळा. आणि पिवळा कोणता? पहिला. थेट बंधाऱ्याला टेकलेला, ज्याच्या बांधावरून पाट निघतो तो. नदीकाठच्या कोणत्याही पोराला विचारा, त्या फडाला पाणी नाही असे म्हणणारा माणूस वेडा ठरेल. मी आबांना हाक मारली. शेजारी शेजारी बसून आम्ही दोघांनी तो पिवळा तुकडा पाहिला. जोडायचे ते त्यांनी झटकन जोडले. शेवटचा फड कोरडा म्हणायचा, तर त्याच न्यायाने निंबगव्हाणचा पहिला फडही कोरडा म्हणावा लागेल.

"मंग निंबगव्हाणले जानं पडी," आबा म्हणाले, पण जागचे हलले नाहीत.

न हलण्याचे कारण अक्कांनी सांगितले. निंबगव्हाण वर, बोरगव्हाण खाली. उन्हाळ्यात वरचे लोक नदी अडवतात आणि खालच्यांचा पाट सुकतो. त्यावरून एकदा लाठ्या चालल्या होत्या. तेव्हापासून दोन्ही गावांत सोयरीक बंद, आणि वरच्या गावाच्या शिवारात पाऊल ठेवायचे नाही असे आबांनी ठरवलेले. खालच्याने वर जाऊन हात जोडायचे, ही गोष्ट त्यांना मरणाहून जड होती. आबांनी अंगणातल्या बेण्याच्या ढिगाकडे पाहिले. मग उठून त्यांनी पाचटावर तांब्याभर पाणी शिंपडले, फेटा बांधला आणि मला चला म्हणाले.

निंबगव्हाणचे पुढारी धुडकू नाना. आबांच्याच वयाचे, अंगाने आडवे. आम्हाला दारात पाहून ते ओट्यावरून उठले नाहीत. पण पाहुण्याला पाणी द्यायचे नाही, अशी रीत खानदेशात कोणाच्याच घरी नाही. आतून तांब्या आला. नानांनी तो हातात घेतला आणि मिशीतून म्हणाले, "आमनं पाणी चालस का बोरगव्हाणले?"

आबांनी तांब्या घेतला. "जे वरतून येस तेच पेतस आम्ही, नाना."

आणि घटाघटा प्याले. नाना मग मान मागे टाकून हसले आणि सरकून त्यांनी घोंगडीवर जागा केली.

मी नक्कल उलगडून त्यांच्या गावाचा पिवळा तुकडा दाखवला. साहेब त्यांच्याकडे पुढच्या आठवड्यात जाणार होते. नानांना या पिवळ्या तुकड्याचा पत्ताच नव्हता. पहिल्या फडात त्यांच्या भाऊबंदांची निम्मी जमीन. त्यांनी नकाशा दोनदा फिरवून पाहिला, जणू उलटा धरला म्हणून तसा दिसत असावा, आणि शेवटी विचारले की हे काढले कोणी. एका साहेबाने, तुमच्या पणज्याच्या वेळी, मी म्हणालो. त्या हिवाळ्यात तुमचा पहिला फड विसाव्याला असेल. उद्या चावडीवर येऊन साहेबांना हे दाखवा, असे आबा त्यांना म्हणाले. आम्ही निघालो तेव्हा ते वेशीपर्यंत पोचवायला आले, पण उद्या येतो असे म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी साहेब मोटारीने आले. तरुण, चष्मा लावलेले, धुळीने त्रासलेले. बोलणे मात्र सभ्य. चावडीत सगळे जमले. आबा सारखे वेशीकडे पाहत होते. वेशीत कोणी नव्हते. साहेबांनी गावाचा नकाशा टेबलावर पसरला आणि शांतपणे सांगितले की त्यांना कोणाचे नुकसान करायचे नाही, पण जुन्या कागदाला सोडून त्यांना जाता येणार नाही. गंगूअक्का दाराशी उभ्या होत्या. त्यांनी पदर दातांत धरला.

मी उठून बोलू लागलो होतो, इतक्यात मागे गलका झाला. दमणीतून नाना उतरत होते, मागून निंबगव्हाणची माणसे. नाना गर्दीतून सरळ टेबलापाशी आले.

"आगुदर मना फड लिखी ल्या, साहेब," ते म्हणाले. "कोरडा."

साहेब गोंधळले. आपण कोण, असे त्यांनी विचारले. मी माझी नक्कल त्यांच्या नकाशाशेजारी पसरली, आधी माझी ओळख सांगितली, मग डागाबद्दल क्षमा मागितली आणि डागाच्या वरच्या गावावर बोट ठेवले. साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि वाकून पाहिले.

"पण ही जमीन बंधाऱ्याला लागून आहे," ते म्हणाले. "ही कोरडी कशी असेल?"

नाना आबांकडे वळले. आबांनी मान डोलावली.

"नकाशा खोटा नही, साहेब," नाना म्हणाले. "तो एक सालना शे."

मग मी मोजणीदाराचा हिवाळा सांगितला, आबांनी फडांची फिरती पाळी सांगितली. साहेबांनी खूप प्रश्न विचारले. ते स्वतः जोडे काढून पाटाने शेवटच्या फडापर्यंत चालत गेले. शेवटच्या फडाच्या तोंडाशी पाटाचे जुने दगडी दार आहे, वापरून वापरून झिजलेले. कोरड्या जमिनीला कोणी दगडी दार बांधत नाही. साहेब त्या दारावर हात ठेवून उभे राहिले. परत येताना त्यांनी सांगितले की चारही फड पाण्याचे धरले जातील, वरचेही आणि खालचेही. लेखी हुकूम धुळ्याहून येईल, तोवर उसाची लागण थांबवू नका.

कोणी जयजयकार केला नाही. अक्का बेण्यावरचे पाचट काढायला घराकडे निघाल्या. आबा आणि नाना एकमेकांना तंबाखूसाठी चुना देत होते.

लागण दुसऱ्या दिवशी झाली. पहिल्या कांडीला हळदकुंकू लावून अक्कांनी ती माझ्या हातात दिली. मी ती सरीत आडवी ठेवायच्याऐवजी उभी खोचली. त्यावरून माझी जी थट्टा झाली, ती मी इथे लिहीत नाही.

निघण्यापूर्वी आबांनी मागणे केले की डागाऐवजी गावाचा एक चांगला नकाशा करून द्या. मी अक्कांच्या ओट्यावर बसून तो काढला. नदी, बंधारा, पाट, चार फड, निंबाचे झाड. आणि मग सवयीने हिरवा रंग ब्रशवर घेतला. अक्का शेजारी उभ्या होत्या. त्यांनी सहज विचारले, "कोनता फडले देतस हाऊ रंग?"

मी ब्रश खाली ठेवला. फड कोरे सोडले. आबांना सांगितले, की दर आखाजीला तुम्ही बसाल तेव्हा ज्या फडात जे ठरेल ते याच्यावर ठेवा. त्यांना ते लगेच उमगले. कोणीतरी पहिल्या फडावर गव्हाचे चार दाणे ठेवले, दुसऱ्यावर हरभरा आला. तिसरा विसाव्याचा, तो रिकामा राहिला. अक्का आत गेल्या आणि गुळाचा एक खडा आणून त्यांनी शेवटच्या फडावर ठेवला.

परतीच्या गाडीत अमळनेरच्या अलीकडे मी पुन्हा खिडकीतून पाहिले. माझी रेघ दिसली नाही आणि त्याचे वाईट वाटले नाही. नकाशा काढणाऱ्याने मुलुख थांबवून ठेवायचा असतो; नाहीतर रेघ कुठे ओढणार? पण मुलुख काही तेवढ्यासाठी थांबत नाही. माझ्या मोजणीदाराला दुसऱ्या हिवाळ्यात एकदा परत यायला मिळाले असते, तर त्याने स्वतःच रंग पुसला असता, असे मला खात्रीने वाटते. त्याला मिळाले नाही, मला मिळाले. पत्नीला हे सगळे सांगितले तेव्हा तिने एवढेच विचारले की धोतराला एवढा चिखल कुठे लागला.

ही हकिगत लिहायला मी वर्षभर थांबलो. या संक्रांतीच्या आधी चंपालाल शेठ कामासाठी पुण्याला आले, तेव्हा त्यांनी मिरचीचा वास लागलेले एक गाठोडे आमच्या ओटीवर ठेवले. धुळ्याच्या बाजारात बोरगव्हाणच्या एका बाईने ते त्यांच्या हाती दिले होते. आत गुळाची ढेप होती, वर उसाचे एक वाळले पान. यंदाचा तिळगूळ आम्ही त्याच गुळाचा केला. पहिली वडी पत्नीने माझ्या हातावर ठेवली नाही. ती भिंतीवर पुन्हा लावलेल्या नकलेपाशी गेली, वडी डागासमोर क्षणभर धरली आणि मग मला दिली.